सारसोळ्यातील साधकांसाठी ज्युलिया: आकडे सांभाळण्याचे नियम

पात्रता: पावकी-निमकी तोंडपाठ हवी. दशांश अपूर्णांक शाळेत शिकला असाल, तर तो तूर्त बाजूला ठेवावा, इथे त्याचा त्रासच होतो. ज्युलिया ही शास्त्रीय गणनेची भाषा 2012 साली जगापुढे आली. तिच्या चार निर्मात्यांपैकी विरल शहा आधारच्या कामातही होते, तेव्हा परकी म्हणून तिच्याकडे नाक मुरडू नये.

प्रथम स्नान करून 0.1 + 0.2 टंकावे. उत्तर 0.30000000000000004 येईल. घाबरू नये, यंत्र बिघडलेले नाही. त्याच्याजवळ अर्धा, पाव, अदपाव, छटाक एवढीच मापे आहेत, म्हणजे दोनाने भागत गेलेले तुकडे. दहावा भाग या मापांत कधीच पुरा बसत नाही. big(0.1) विचारल्यास यंत्र निमूटपणे कबुली देते: 0.1000000000000000055511… आणि पुढे बरेच काही. याउलट 0.25 किंवा 2.5 ते रेसभरही न चुकता ठेवते. सारसोळ्याच्या जेटीवर पाव किलो निवटी मोजून देणारी आजी आणि हे यंत्र एकाच शाळेतले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपयाही त्याला आवडला असता. 1 एप्रिल 1957 ला सरकारने शंभर नवे पैसे आणले आणि हिशेबाचा तोल गेला. (जुनी पै मात्र यंत्रालाही पेलली नसती. रुपयाच्या 192 पै, त्यात तीनाचा गुणक लपलेला.) 2011 साली चार आण्यांचे नाणे बंद झाले, तेव्हा बाजारातून एक बिनचूक अपूर्णांक उठला. कोणी हळहळले नाही.

चलाचे नाव मराठीत ठेवता येते. आकडे मात्र देवनागरीत टंकू नयेत, भाषा ते आकडे मानतच नाही. कोळंबी = 400 असा किलोचा भाव लिहावा. 2कोळंबी म्हटल्यावर 800 मिळतात, गुणाकाराचे चिन्हही लागत नाही. या सुखात रमून कोणी 1/2कोळंबी लिहिले, तर अर्ध्या किलोचे 200 येत नाहीत, 0.00125 येतात. चिकटून बसलेल्या 2 आणि कोळंबीचा गुणाकार आधी होतो, भागाकार मागून. अशा दराने विकल्यास टोपली लवकर रिकामी होते, हा फायदा नोंदवावा.

पूर्णांक फार वाढवू नयेत. 10^19 लिहिताच उत्तर -8446744073709551616 येते आणि कोणी ओरडत नाही. 64 बिटांची टाकी भरली की पाणी दुसऱ्या टोकाकडून येते. पाम बीच रोडवरच्या फ्लॅटचे भाव अजून तिथवर गेलेले नाहीत, तोवर निश्चिंत राहावे.

राउंड करताना अडीचाचे दोन होतात आणि साडेतिनाचे चार. नेमके मध्ये अडकलेल्याने जवळच्या सम संख्येकडे जावे, असा नियम आहे. नेरुळ स्टेशनच्या रिक्षावाल्याला तो समजावू नये.

आता जमीन. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारे साडेबारा टक्के ठाऊक नाहीत असे घर सारसोळ्यात सापडणार नाही. 1984 च्या जासईच्या आंदोलनानंतर दि. बा. पाटलांच्या लढ्यातून मिळालेला हा आकडा, 0.125, म्हणजे शुद्ध अदपाव. यंत्रात तो तसूभरही ढळत नाही. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हातात पावणेनऊ पडतात, ते 0.0875 मात्र यंत्रात नीट बसत नाही. गावाला हे फार आधीच कळले होते.

तीन भावांत वाटणी करायची तर एकेरी रेघ वापरू नये. दुहेरी रेघ ओढली की भाषा अपूर्णांक अपूर्णांकच ठेवते: (1//8)//3 म्हणजे 1//24, प्रत्येकाचा वाटा तंतोतंत. भिंत कुठून घालायची, हे ती सांगत नाही. त्यासाठी मोजणीदारच बोलवावा, आणि चहा तिन्ही भावांनी पाजावा.