बिनकागदाचं शिंगरू

उमरखेडच्या आमच्या मामेभावाला माळेगावच्या खंडोबा यात्रेत ‘मिनिएचर’ म्हणून विकायला आणलेलं एक बकरीएवढं शिंगरू आवडलं. कागद? व्यापारी हसला, “देवमण बघा की!” म्हणजे मानेवरचा भोवरा हाच सही-शिक्का. अमेरिकेतल्या एका नोंदवहीत ३४ इंचांपुढे गेलेला घोडा ‘मिनिएचर’ राहत नाही. आपल्याकडे पेंड तोडली की कुठलंही शिंगरू त्या मापात बसतं!

भावाने दात पाहिले, खूर उचलले. “अन् वाढलं तर?”

“वाढलं तर घोडा, नाही तर शोभा.”

पीकविम्यासाठी सातबारा, आधार, पासबुक घेऊन वर्षभर खेटे घालणारा हा माणूस इथे मात्र कागद नाही म्हणूनच खूश. सौद्यासाठी रुमालाखाली बोटं चालू आहेत. वहिनीचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय.