कानडी झिंगाट कुणाचं?

काकी भिंतीपलीकडं संकेश्वरी मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. हात सुपात आणि डोळे आमच्या परसात. पोटात काहीतरी मावत नव्हतं हे उघड होतं.

“ऐकलासा काय वैनी? काल वरातीत मारामारी व्हायची राहिली.”

“कशावरनं ओ? मानपान?”

“कसला मानपान! गाण्यावरनं. नवरी गोकाककडची न्हवं? त्यांच्या पोरांनी डीजेवाल्याला सांगून झिंगाट लावलं. खरं कानडीतनं! आमच्या पोरांचं डोकं सटकलं. ‘आमचं गाणं चोरलं’ करून एकजण गाडीवरच चढला. तिकडनं नवरीचा मामा ओरडतोय, पिक्चर आमचा, हिरॉईन आमची!”

“हिरॉईन त्यांची कशी? रिंकू राजगुरू अकलूजची हाय की.”

“तेच तर! खरं मामा पण खोटं बोलत नव्हता. आमच्या धाकट्यानं तिथंच मोबाईल काढला. ॲपवर नुसतं गाणाऱ्याचं नाव. म्हणून मग त्यानं पिक्चरच उघडला, सुरुवातीच्या पाट्या बघितल्या. ‘मनसु मल्लिगे’, 2017 चा. ‘सैराट’च कानडीत केलेला. दिग्दर्शक एस. नारायण, हिरॉईन तीच रिंकू, आणि संगीत कुणाचं? अजय-अतुलचंच! आपल्या घरातली घागर आपणच शेजारच्या खोलीत नेली, तर त्याला दरोडा म्हणायचं काय?”

“मग पोरं गप बसली?”

“बसत्यात कुठली! एकजण म्हणाला, मग ‘धडक’नं तरी चोरलंय. अरे बाबा, 2018 च्या हिंदी ‘धडक’मध्ये पण चाल अजय-अतुलचीच. शब्द तेवढे अमिताभ भट्टाचार्यचे.”

हे शब्दांचं मात्र मला खरोखरच खटकतं, आणि मी ते काकींना बोलून दाखवलं. ‘कोंबडी पळाली’ 2006 च्या ‘जत्रा’मधलं. वैशाली सामंत आणि आनंद शिंदे सगळ्यांना ठाऊक. 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये त्याची ‘चिकनी चमेली’ झाली. संगीतकार तेच, म्हणजे चाल घरातच राहिली. खरं मराठी शब्द लिहिणारा मागंच राहिला.

“कुणी लिहिलं होतं ते?”

“जितेंद्र जोशीनं.”

“तो नट? त्यानं कोंबडी लिहिली?” काकींचा हात सुपातच थांबला. “आणि मी इतकी वर्षं आनंद शिंद्यांनाच श्रेय देतोय.”

“सगळेच देतात. गाणाऱ्याचा गळा ऐकू येतो, लिहिणाऱ्याचा हात दिसत न्हाई.”

“मग चोरी म्हणायची तरी कशाला?”

आता माझी पाळी होती. म्हटलं, काकी, लताबाईंचं ऐका. 1981 च्या ‘ज्योती’ पिक्चरमधलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरींचं. 2002 मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ आलं. डीजे क्विकनं लताबाईंच्या रेकॉर्डिंगचाच तुकडा उचलला आणि त्यावर आपला ठेका चढवला. त्या तुकड्यात नवी चाल न्हाई, नव्यानं गाणं न्हाई, आवाजच लताबाईंचा. याला सॅम्पल म्हणतात. त्याला रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी लागते आणि चालीच्या मालकाचीही. इथं बप्पीदांचं नावसुद्धा न्हवतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं, आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची न्हाई, असा हुकूम निघाला.

“बरं झालं! नाव पाहिजेच.”

“आणि ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ तुमच्या नातीच्या मोबाईलवर वाजतं न्हवं? त्यातली ती व्हायोलिनं ‘एक दूजे के लिए’मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ची. लक्ष्मीकांत-प्यारेलाल.”

“अगं बाई! ते कारटं मला म्हणतंय, तुझी गाणी जुनाट.”

मिरच्यांचा खाट उठला, दोघी शिंकलो. मग काकींनी आवाज उतरवला.

“एक सांगू? काल मला ते झिंगाट तसंही बरं वाटलं न्हाई. ‘सैराट’मध्ये ते हिरॉईनच्या, म्हणजे आर्चीच्या, भावाच्या वाढदिवसाला वाजतंय. तिथं घरामागं आर्ची आणि हिरो दोघं सापडत्यात, मग मार, मग पळापळ, आणि शेवटी दोघांचा खून. आणि आपण तेच नवरा-नवरीपुढं लावतोय. ते पण कुठल्या लग्नात? जात, पोटजात, कुळी बघून ठरवलेल्या!”

“नाचताना कोण इतकं बघतंय?”

“नाचणाऱ्यानं नको बघू दे. भांडणाऱ्यानं तरी बघावं.”

तेवढ्यात काका बाहेर आले. भांडणात तोडगा म्हणून त्यांनी डीजेवाल्याला ‘कानडा राजा पंढरीचा’ लावायला लावलं होतं म्हणे. दोन्हीकडची मंडळी गार! काका छाती काढून म्हणाले, “संतांचा अभंग हाय, तिथं कोण भांडणार?”

“अभंग न्हाई काका,” मी म्हणालो. “पिक्चरचं गाणं. 1970 चा ‘झाला महार पंढरीनाथ’. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, गायला फडके आणि वसंतराव देशपांडे.”

“काय सांगतासा! आमचे भजनीबुवा तर दर एकादशीला संतांचं करूनच म्हणत्यात.”

“मग परवा एकादशीच हाय की,” काकी सूप उचलत म्हणाल्या. “विचारा त्यांना. खरं प्रसाद घेतल्यावर विचारा, आधी नको.”