संकेश्वरी अश्रू

मी फार हळवा माणूस आहे, अशी आमच्या लालबागच्या चाळीत परवापासून ख्याती झाली आहे. तिचं सगळं श्रेय संकेश्वरी मिरचीला.

गच्चीवर दोन जुन्या साड्या अंथरून मिरच्या घातल्या होत्या. रंगाला बेडगी, झणक्याला संकेश्वरी. देठं खुडायची आणि कबुतरं हाकलायची, ही माझी कामं. मी घरून काम करतो याचा बायकोने लावलेला हा अर्थ. एका बाजूला हापिसचा लॅपटॉप, मांडीवर सूप आणि पुढ्यात मोबाइलवर १९५३ सालचा ‘श्यामची आई’. जुन्या मराठी सिनेमांचा जाणकार म्हणून चाळीत मला मान आहे. तो माझा मीच घेतलेला आहे, पण अजून कोणी परत मागितलेला नाही.

देठं खुडलेलं बोट डोळ्याला लागायला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू पापड घेऊन गच्चीवर यायला एकच गाठ पडली.

“अगो बाई! अजून नुसती नावंच पडतायत, आणि तुम्ही रडताय?”

मिरची म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. “वनमालाबाईंचं काम...” एवढंच पुटपुटलो. संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली. दुपारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांनी हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” मी नुसता सुस्कारा सोडला. त्या दिवशी माझ्याकडे कोणी एक आकडा मागितला नाही.

गंमत म्हणजे नेमका तेव्हाच मी सत्यवचनी हरिश्चंद्रावर लेख लिहीत होतो. ३ मे जवळ आला होता. १९१३ साली याच तारखेला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी दोन पानं द्यायची होती, त्यातलं दीड पान तारामतीनेच खाल्लं.

काय करणार, तारामती आली की मला आवरत नाही. फाळक्यांना नटी मिळेना. सिनेमात काम करायला कोणी बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले, आणि हिंदुस्थानच्या पहिल्या कथापटाची नायिका ठरली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके रामही झाले आणि सीताही! एका घरात दोन्ही बाजूंची कामं एकट्याने करणारा पुरुष मला तरी एवढाच ठाऊक आहे. त्यातून मिशीचा प्रश्न. बायकांची कामं करायला आलेली मंडळी मिशी उतरवेनात, असं सांगतात. वडील जिवंत असताना मिशी काढायची कशी? मिशीवाली तारामती पडद्यावर कशी दिसेल, हे फाळक्यांनी त्यांना कसं पटवलं असेल, ते मी दरवर्षी नव्याने रंगवतो. मिशीचं दुःख मला कळतं. माझ्या मिशीला दर पंधरा दिवसांनी कलप लागतो, आणि त्या पंधरवड्यातले शेवटचे चार दिवस मी कोणाशीही समोरून बोलत नाही.

लेख झाला आणि तो वाचून दाखवायला मी स्वयंपाकघरात गेलो. ही सकाळपासून भाजत होती. धणे झाले होते, दगडफूल झालं होतं, कढईत मिरची होती. मी मिशीपर्यंत आलो तेव्हा ही म्हणाली, “एवढी माणसं सिनेमा करत होती, त्यांचं जेवण कोण करायचं?”

“सरस्वतीबाई. फाळक्यांच्या पत्नी. साठ-सत्तर माणसांचं.”

“त्या आहेत का लेखात?”

“आहेत की! शेवटून दुसऱ्या ओळीत.”

ही काही बोलली नाही. मिरची हलवत राहिली.

मग मीच बोलत सुटलो. बाईंनी दागिने दिले. स्वयंपाक उरकून त्या फिल्मला भोकं पाडायच्या. चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. तारामतीचं काम तूच कर, असं फाळक्यांनी विचारलं तेव्हा, एवढी कामं अंगावर असताना आणखी हे कुठे, म्हणून त्यांनी नाही म्हटलं म्हणतात. दादरच्या रस्त्यावरच्या पाटीवर मात्र ‘दादासाहेब फाळके’ एवढंच.

बोलता बोलता माझं लक्ष हिच्याकडे गेलं. डोळे लाल, गालांवरून पाणी. खाकरत, पदराने पुसत ती भाजत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे अठ्ठावीस उन्हाळे. दर उन्हाळ्यात हे डोळे असेच वाहतात, आणि मीच काय, उभ्या चाळीत कोणी तिला कधी हळवी म्हटलेलं नाही. मी एकदा डोळा चोळला तर तीन मजले गहिवरले!

लेख फाडला नाही. तेवढा मोठा मी नाही. पण मिशीचा अर्धा परिच्छेद कापला आणि सरस्वतीबाईंना पहिल्या पानावर आणलं. कापताना जीव तुटला, हे हरिश्चंद्राला स्मरून सांगतो.

मग भाजलेल्या मसाल्याचे दोन्ही डबे उचलले आणि मसाला गल्लीत डंकावर गेलो. कुटणाऱ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती, मी मात्र जाणकारासारखा उघड्या तोंडाने रांगेत उभा. पाच मिनिटांत नाकाडोळ्यांना धारा लागल्या. मागून ओळखीचा आवाज आला.

“आज कुठला सिनेमा आठवला?”

काकूच! आता मात्र खरं बोलायचंच, असं ठरवलं.

“सिनेमा नाही हो काकू. मिरची गेली डोळ्यांत. त्या दिवशीही मिरचीच होती.”

काकूंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, “बघा. हळवी माणसं असंच लपवतात.”