खापर एकट्या नीरोच्या डोक्यावर

रोमवरचा जुना चित्रपट लावा, फार वेळ न जाता एक माथेफिरू सम्राट पडद्यावर येतोच. ‘क्वो वादिस’मध्ये (१९५१) पीटर उस्तिनोवचा नीरो आहे. तो लहान मुलासारखा रुसतो, रोम जळताना तारा छेडत गातो आणि मित्र गेल्याचे अश्रूसुद्धा कुपीत गोळा करतो. ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’मध्ये (१९६४) ख्रिस्तोफर प्लमरचा कॉमोडस आहे. बीबीसीच्या ‘आय, क्लॉडियस’ मालिकेत (१९७६) जॉन हर्टचा कॅलिगुला स्वतःला देव समजतो. तिघांचीही कामं अव्वल. हर्ट नुसता हसला तरी पोटात गोळा येतो. मी हे सगळं आवडीनं पाहतो, पुन्हा पुन्हा पाहतो, आणि नटांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती कथेच्या मुळाशी असलेल्या समजुतीबद्दल. गादीवर वेडा बसला म्हणून रोम क्रूर झाला, वेडा गेला की रोम ताळ्यावर येईल, अशी ही समजूत. ती साफ खोटी आहे, आणि ती पसरवण्यात या चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

कॉमोडसचंच बघा. १९६४च्या चित्रपटासाठी निर्माता सॅम्युअल ब्रॉन्स्टननं माद्रिदजवळ अख्खा रोमन फोरम उभा केला. इतका खर्च कशासाठी? तर ॲलेक गिनेसचा शहाणा मार्कस ऑरेलियस आणि त्याचा बिघडलेला मुलगा, एवढी जोडी दाखवण्यासाठी. २०००च्या ‘ग्लॅडिएटर’नं तीच जोडी पुन्हा वापरली. दोन्हीकडे बाप मुलाला डावलू पाहतो. प्रत्यक्षात मार्कस ऑरेलियसनं १७७ साली स्वतःच मुलाला सहसम्राट केलं. ग्लॅडिएटरांच्या खेळांचा खर्च आवाक्यात राहावा म्हणून सेनेटनं ठराव केला, तोही याच बाप-लेकांच्या राज्यात. त्याचा मजकूर स्पेनमधल्या इटालिका इथे सापडलेल्या कांस्यपत्रावर आजही वाचता येतो. खेळ बंद करण्याची गोष्ट त्यात नाही. त्यात लढणाऱ्या माणसांची प्रतवारी आहे आणि प्रतीनुसार कमाल भाव ठरवलेले आहेत. चिंतनाची वही लिहिणाऱ्या सम्राटाच्या कारकिर्दीत माणसांचे दर असे शांतपणे बांधले गेले. हे कुठल्या चित्रपटात आहे?

‘बेन-हर’मधल्या (१९५९) गलबताच्या प्रसंगाला इतिहासकार नेहमी नावं ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. रोमच्या आरमारात वल्ही मारणारे बहुतेक पगारी आणि स्वतंत्र लोक होते. साखळदंडात जखडलेले गुलाम ही कादंबरीची आणि पडद्याची देणगी. तरीही मला त्या चित्रपटात रथांच्या शर्यतीपेक्षा हा प्रसंग जास्त खरा वाटतो. क्विंटस ॲरियस वेडा नाही. तो शिस्तीचा, कर्तबगार अधिकारी आहे. तो वल्ह्यावर बसलेल्या नायकाला, ज्यूडाला, नावानं हाक मारत नाही, एक्केचाळीस म्हणतो, आणि ठोक्यांचा वेग वाढवायला सांगून माणसं किती टिकतात ते पाहतो. तपशील चुकला, पण रोमची नाडी बरोबर सापडली.

ही नाडी शेवटपर्यंत धरून ठेवणारा चित्रपट एकच, ‘स्पार्टाकस’ (१९६०). त्यात माथेफिरू नाहीच. लॉरेन्स ऑलिव्हिएचा क्रॅसस हळू आवाजात बोलतो आणि रोमचं नाव देवाचं घ्यावं तसं घेतो. काप्वाच्या आखाड्यातला प्रसंग आठवा. पाहुण्या आलेल्या बायका रूप पाहून ग्लॅडिएटर निवडतात. खाली वूडी स्ट्रोड आणि कर्क डग्लस एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात आणि वर सज्जात नेमणुकांच्या गप्पा चाललेल्या असतात. कुणी दात विचकत नाही, कुणाच्या तोंडाला फेस येत नाही. त्यांच्यासाठी ती दुपारची करमणूक आहे. अशा वेळी आपला राग एका माणसावर काढता येत नाही, म्हणून तो सगळ्या सज्जावर जातो. शेवटी काप्वा ते रोम रस्त्यावर सहा हजार माणसं क्रुसावर चढतात. हा आकडा इतिहासातलाच आहे, आणि तो हुकूम देणारा क्रॅसस पुरता भानावर होता.

हे शहाणपण या एकाच चित्रपटाला का सुचलं असावं? माझ्या मते लिहिणाऱ्यांमुळे. मूळ कादंबरीचा लेखक हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रम्बो, दोघांनीही अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे मान तुकवली नाही, आणि दोघेही १९५०मध्ये तुरुंगात गेले. फास्टला पुढे प्रकाशक मिळेना, म्हणून १९५१मध्ये त्यानं कादंबरी स्वतः छापली. ट्रम्बोला कित्येक वर्षं टोपणनावांनी लिहावं लागलं. त्यांना आत टाकणारा कुणी कॅलिगुला नव्हता. टाय बांधलेले, इस्त्रीच्या कपड्यातले, नियमावर बोट ठेवणारे लोक होते. ज्यानं असे लोक जवळून पाहिलेत त्याला वेड्या सम्राटाची गरज पडत नाही.

‘आय, क्लॉडियस’वर माझा फार जीव आहे. सगळी मालिका स्टुडिओच्या चार भिंतीत चित्रित झाली, ना फौज ना फोरम, आणि तरीही डेरेक जेकबी आणि शॉन फिलिप्स यांनी उभा केलेला राजवाडा त्या माद्रिदच्या फोरमपेक्षा मोठा वाटतो. तिच्यावर माझा आक्षेप आहे तो सम्राज्ञी लिव्हियाबाबत. प्राचीन लेखकांनी तिच्याबद्दल संशयाची पुडी सोडली, रॉबर्ट ग्रेव्हजनं कादंबरीत त्या संशयाची खात्री केली आणि मालिकेनं अर्ध्या राजघराण्याचं विष एका बाईच्या हाती दिलं. पुन्हा तेच, सगळं पाप एका जिवावर. पण याच मालिकेत सत्तेवरून पडलेल्या सेजेनसच्या मुलांच्या वधाचा प्रसंगही आहे. मारायला पाठवलेला सैनिक मुलीपाशी अडतो. दया आली म्हणून नव्हे. कुमारिकेला देहदंड देण्याची रीत नाही म्हणून. मग ती कुमारिका राहू नये अशी व्यवस्था करण्याचा हुकूम सुटतो. हा प्रकार टॅसिटसनं नोंदवून ठेवलेला आहे. कॅलिगुलाच्या सगळ्या चाळ्यांपेक्षा हे एक मिनिट भयंकर आहे, कारण इथे रीत पाळली गेली आहे.

आपल्या मुंबईनंही एक रोम उभारला होता. बिमल रॉय यांचा ‘यहूदी’ (१९५८), आगा हश्र काश्मिरींच्या नाटकावरून. सेट पुठ्ठ्याचे वाटतात, दिलीपकुमार रोमन राजपुत्र म्हणून पटत नाही, सगळं मान्य. पण तिथला ब्रूटस वेडा नाही. तो हाकिम आहे. त्याच्या हुकुमानं एका ज्यू बापाचं पोर मारलं जातं, आणि तो बाप, सोहराब मोदींचा एझ्रा, एकाच न्यायासनाची दोन मापं त्याच्या तोंडावर सांगतो. परक्या अंमलातून बाहेर पडून अकराच वर्षं झालेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आता मला हवा असलेला, पण अजून कधी पाहायला न मिळालेला चित्रपट सांगतो. इसवी सन ६१. रोमचा नगरप्रमुख पेडॅनियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामानं खून केला. जुनी रीत अशी, की अशा वेळी त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. ते चारशे होते, बायका आणि मुलं धरून. सेनेटमध्ये चर्चा झाली. गायस कॅसियस हा नामांकित कायदेपंडित उभा राहिला आणि धाक राहिला नाही तर आपली घरं सुरक्षित राहणार नाहीत, असं त्यानं मुद्देसूद मांडलं. दयेचे काही आवाज उठले, पण ते एकेकटे होते. ठराव झाला. बाहेर मात्र रोमची सामान्य जनता, पडद्यावर जी कायम अंगठा खाली करून रक्त मागत असते ती जनता, दगड आणि पलिते घेऊन रस्त्यावर उतरली होती. त्या चारशेंना वाचवण्यासाठी. नीरोनं लोकांना दरडावलं, वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले आणि सगळ्यांना मारलं गेलं.

एका सेनेटरचं एवढ्यावर समाधान झालं नाही. त्या घरातल्या मुक्त केलेल्या गुलामांनाही इटलीबाहेर हाकला, अशी सूचना त्यानं आणली. ती फेटाळली नीरोनं.