दुखण्याचा रुबाब

आमच्या घराण्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आजवर एकदाच झालं होतं, आत्याचं. ऐंशीच्या दशकातलं, त्यामुळे अस्सल. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, हॉस्पिटलात भलाथोरला मुक्काम आणि नंतर महिनाभर अंथरूण. त्यानंतर आत्याने भरलेली बादली म्हणून उचलली नाही. लग्नकार्यात ती पहिल्या पंगतीला बसायची, प्रवासात खिडकीशी. कुणी हरकत घेतलीच तर एवढंच म्हणायची, ‘‘माझं पोट फाडलंय बाबा.’’ वाद मिटायचा.

त्यामुळे माझ्या सोनोग्राफीत ‘पित्ताशयात अनेक खडे’ असं आलं तेव्हा घाबरलो खरा, पण मनात कुठेतरी खिडकीची जागाही दिसायला लागली.

दुखणं जुनंच होतं. लग्नाचा मसालेभात, वर तूप, वर जिलबी असं जेवून आलो की मध्यरात्री उजव्या बरगडीखालून जी कळ निघायची ती थेट पाठीत. आम्ही तिला ॲसिडिटी समजून कोकम सरबत पाजत होतो. डॉक्टरांनी सांगितलं की तेलकट-तुपकट पोटात गेलं की पित्ताशय आकसून पित्त बाहेर टाकतं. त्याच वेळी खडा तोंडाशी अडकला की ही कळ. म्हणजे माझं पित्ताशय इमानेइतबारे काम करत होतं आणि मीच त्याला जिलबी पुरवत होतो.

बातमी फुटल्यावर कुळीथ आले. शेजारच्या काकांनी कुळथाचं कढण सुचवलं, ऑफिसातल्या एकाने पानफुटीची कुंडीच आणून दिली. हे उपाय मुतखड्यावरचे. मुतखडा मूत्रमार्गातला, माझे खडे यकृताखालच्या पिशवीतले, आणि या दोन खात्यांमध्ये रस्ता नाही, हे मी चित्र काढून दाखवलं. काका म्हणाले, ‘‘खडा तो खडा. घ्यायला काय जातंय?’’

मेहुण्याचा प्रश्न त्यातल्या त्यात बरा होता : खडे काढा, पिशवी कशाला काढता? हा प्रश्न एके काळी सर्जन मंडळींनाही पडला होता. ते पित्ताशय उघडून खडे काढत आणि पिशवी आतच ठेवत. कार्ल लांगेनबूख या जर्मन सर्जनचं म्हणणं पडलं की खडे तयार करणारा कारखानाच आत ठेवला तर तो पुन्हा माल काढणारच. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने एका त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचं अख्खं पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी तो रुग्ण म्हणे सिगार ओढत होता. हे मी घरात मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. उपयोग झाला नाही.

तर लांगेनबूखपासून आत्यापर्यंत सगळं नीट चाललं होतं. घोटाळा नंतर झाला. १९८५मध्ये एरिश म्यूह या जर्मन सर्जनने पोट न फाडता दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याच्याच देशातल्या सर्जनांनी आधी नाकं मुरडली आणि काही वर्षांनी त्याचा सत्कार केला. १९९०मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी हे ऑपरेशन भारतात आणलं. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली, पद्मभूषण मिळालं, आणि ते योग्यच झालं. पण त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांच्या दुखण्याचा रुबाब गेला, ही नोंदही कुठेतरी व्हायला हवी.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. भूलतज्ज्ञ बाईंनी मुलं काय करतात असं विचारलं. थोरलीचं सांगून होईपर्यंत मला झोप लागली. जे पाहिलं ते बायकोने. सर्जननी तिला दाराशी बोलावून ट्रेमध्ये पित्ताशय दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या आत नेमकं काय आहे हे तिला प्रथमच कळलं. खडे तिला बाटलीत घालून मिळाले. पुढे ती बाटली आमच्या सोसायटीत माझ्यापेक्षा जास्त हिंडली.

शुद्धीवर आलो तर पोटापेक्षा खांदा दुखत होता. चुकीचा भाग कापला की काय, असं वाटून गेलं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘गॅसचं आहे ते, चालायला लागा.’’ आत काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो निघून गेला तरी छाती आणि पोटामधल्या ताणलेल्या पडद्याची तक्रार खांद्यात उमटत राहते, कारण दोघांच्या नसा एकाच वाटेने जातात. या गॅसचं होतं न होतं तोच दुसरा सुरू झाला. ‘‘गॅस पास झाला का?’’ आधी डॉक्टरांनी विचारलं, मग सिस्टरनी, मग फरशी पुसणाऱ्या मावशींनी. संध्याकाळी सासरेबुवांचा फोन आला, स्पीकरवर. आयुष्यात त्यांनी माझ्या प्रमोशनचीही चौकशी केली नव्हती. झाला, म्हटल्यावर पलीकडून ‘‘अभिनंदन!’’ असं आलं.

आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज! भेटीला येणारे शहाळी घेऊन हॉस्पिटलात पोचले तेव्हा मी घरी येऊन मऊभात खात होतो. डिस्चार्ज कार्डवर अंथरुणाचा उल्लेखच नाही. रोज चाला, वजन उचलू नका, तेल-तूप सध्या बेताने, थोडं थोडं खा. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटदुखी वाढत गेली तर मात्र ताबडतोब या. हा शेवटचा मजकूर वाचून आत्या रोज सकाळी माझी पापणी ओढून बघू लागली. काही दिवस पोट जरा सैल राहिलं, कारण यकृत पित्त पूर्वीइतकंच बनवतं, फक्त आता ते साठवायला पिशवी नाही, थेट आतड्यात उतरतं. घोड्याला तर पित्ताशय जन्मतःच नसतं असं कळल्यावर मला बरं वाटलं. मेहुण्याला का हसू आलं, ते त्यालाच माहीत.

रविवारी घर भरलं. आत्याने सगळ्यांदेखत मला शर्ट वर करायला लावला, चष्मा पुसला आणि वाकून ती चार भोकं पाहिली.

‘‘हे? हे तर डास चावल्यासारखं दिसतंय!’’

मग ती सोफ्यावर नीट मागे टेकून बसली आणि म्हणाली, ‘‘आमच्या वेळी...’’ मला बघायला आलेली माणसं खुर्च्या ओढून तिच्याभोवती सरकली. वीतभर छेदाची गोष्ट नुकती रंगात येत होती, तेवढ्यात बायको मला म्हणाली, ‘‘तुम्हाला चालायला सांगितलंय ना? मग आतून चहाचे कप आणा. एका वेळी दोनच आणा, वजन नको.’’