श्रीमंत घरची पोरं

युनिसेफने 2020 मध्ये 38 श्रीमंत देशांतल्या मुलांचं मन, तब्येत आणि कौशल्यं तपासून क्रमवारी लावली. आयर्लंड 12वा. ब्रिटन 27वा, कॅनडा 30वा, ऑस्ट्रेलिया 32वा, न्यूझीलंड 35वा, अमेरिका 36वी. अमेरिकेच्या खाली फक्त बल्गेरिया आणि चिली. ज्या देशांत मुलाला धाडायचं म्हणून आपल्याकडे घरं गहाण पडतात, ते हेच देश.

पैसा कमी पडला, असं कुणी म्हणू नये. अमेरिकेने 2021 मध्ये मुलांसाठीची कर-सवलत वाढवली आणि सहा महिने थेट आईबापांच्या खात्यात रक्कम टाकली. सहा वर्षांखालच्या मुलामागे महिना 300 डॉलर, मोठ्यामागे 250. जनगणना खात्याच्या पूरक मोजमापानुसार त्या वर्षी बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर आलं. साथीच्या काळातल्या इतर मदतीचाही त्यात हातभार होता. पण एवढा खाली हा आकडा पूर्वी कधीच आला नव्हता. मग सवलतीची मुदत संपली. ती वाढवायला सिनेटमध्ये मतं जमली नाहीत. 2022 मध्ये आकडा 12.4! औषध सापडलं, गुण आला आणि बाटली फेकून दिली. याला गरिबी म्हणत नाहीत, निर्दयपणा म्हणतात.

ब्रिटनचं पाप वेगळं. एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचा भत्ता गरीब कुटुंबांना नाकारला. तिसरं जन्मलं, हा त्या बाळाचा गुन्हा? नियम उठवायची घोषणा झाली नोव्हेंबर 2025 मध्ये. साडेआठ वर्षं भुकेने वाट पाहायची होती का?

या देशांत म्हातारपण मात्र सुखात जातं. 2024 च्या जागतिक आनंद अहवालात साठीपुढच्यांमध्ये अमेरिका 10वी, कॅनडा 8वा. तिशीखालच्यांमध्ये अमेरिका 62वी, कॅनडा 58वा. एकाच देशातल्या आजोबा आणि नातवात पन्नास पायऱ्यांचं अंतर! मतदानाला आजोबा जातात, नातू अजून शाळेत असतो. मला तरी कारण इथेच दिसतं.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा. अमेरिकेने 1995 मध्ये सही केली, मंजुरी आजतागायत दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत असा देश एकच.