शेवटची पेटी

अमेरिकेत ओहायो-पेनसिल्व्हेनियाकडच्या कुठल्याही गावात हा गृहस्थ हमखास भेटतो. साठी ओलांडलेली, नोकरीतून निवृत्त, आणि गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं. जगात कुठल्याही सैन्याने जुन्या रायफली मोडीत काढल्या की याला आधी आनंद होतो आणि लगेच धास्ती बसते. "घेऊन ठेवा, माल संपत आलाय!"

माल संपत आल्याचं तो वर्षानुवर्षं सांगतोय. तसा त्याला इतिहासाचा आधारही आहे. १९६८च्या कायद्याने परदेशी लष्करी रायफलींची आयात बंद झाली होती, ती पुन्हा सुरू व्हायला १९८०चं दशक उजाडलं. त्यामुळे सरकार कुठल्याही पक्षाचं आलं, तरी हा आधी रायफल नोंदवतो आणि मग निकाल बघतो. ३० डॉलर भरून त्याने तीन वर्षांचा संग्राहकाचा परवाना काढलाय. त्यावर पन्नास वर्षांपेक्षा जुनी रायफल थेट घरपोच येते. तेव्हा बायको घरी नसेल, एवढंच बघायचं.

त्याचं पहिलं प्रेम रशियन मोसिन-नागान. लाकडी पेटीत वीस-वीस, कॉस्मोलीन नावाच्या तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेल्या. ते ग्रीस काढणं हा त्याचा कुळाचार. आंघोळीच्या टबात उकळतं पाणी ओतायचं, चिंध्यांनी पुसायचं आणि उरलेलं लाकडातून पाझरावं म्हणून दस्ता उन्हात ठेवायचा. लोणच्याच्या बरणीवर ठेवतात तशी त्यावर नजर ठेवायची. टबाची कड पुढे महिनाभर तपकिरी राहते. "ही शेवटची," तो म्हणतो. बायकोने आता 'कितवी शेवटची?' हे विचारणंही सोडलंय.

रायफल पुसून झाली की भिंग निघतं. तारा दिसला तर तुला शहरातला कारखाना, त्रिकोणात बाण दिसला तर इझेव्हस्कचा. बोल्ट, मॅगझिनचं झाकण आणि दस्त्याची पट्टी यांवरचे क्रमांक जुळले, तर त्या दिवशी घरात पिझ्झा. १९४३ची असेल तर तो युद्धाच्या घाईत राहिलेले यंत्राचे ओरखडेही कौतुकाने दाखवतो. घरातली भांडी विसळताना मात्र त्याला एवढं बारीक दिसत नाही.

भारतीय माणूस भेटला की तो हरखतो. त्याच्याकडे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली ली-एनफील्ड आहे, ७.६२ नाटो गोळीची, २ए१. नाशिकहून आलेल्या बिचाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला तो खालच्या आवाजात विचारतो, "तुमच्याकडे अजून किती पडून असतील हो?" त्या इंजिनिअरने आयुष्यात लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यापलीकडे काही वाजवलेलं नसतं.

आता खरी गंमत. त्याला हसणाऱ्यांचंच चुकलं. जी मोसिन एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळायची, तिला आज कित्येक पटींनी जास्त मोजावे लागतात, आणि तशा भरलेल्या पेट्या आता दिसेनाशा झाल्यात. म्हणजे माणूस बरोबर होता. पण विकायचं म्हटलं की त्याचा हात थरथरतो, कारण भाव अजून वाढेल आणि माल तर संपलाय! तेव्हा त्याचा सगळा नफा गॅरेजमध्येच आहे, आणि त्याची गाडी आजही पावसात उभी असते.